हॉल ठरवण्याआधी तालुक्याच्या गाडीची वेळ बघा

यंदा आमच्या कर सल्लागार संघटनेच्या कार्यकारिणीत नवीन मंडळी आली आहेत आणि कार्यक्रमांचं काम हळूहळू त्यांच्याकडे जाणार आहे. हॉटेलशी बोलणं, तारीख धरणं, ताटं सांगणं, बिल तपासणं हे सगळं बरीच वर्षं माझ्याकडे होतं. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहून ठेवते. डॉक्टर, आर्किटेक्ट, इंजिनिअर, औषध विक्रेते यांच्या संघटनांच्या चिटणीसांनाही यातलं बरंच कामाला येईल. सोलापुरातले हॉल सगळ्यांना तेच, मॅनेजर तेच आणि लग्नाच्या तिथीही त्याच.

कुठलाही कार्यक्रम ठरवताना माझ्या डोळ्यांपुढे एक सभासद असतो. तो करमाळ्यात किंवा सांगोल्यात एकटा प्रॅक्टिस करतो. ऑफिसात मदतीला एक मुलगा, बाकी सगळं स्वतः. कायद्यात बदल झाला की बाजूला बसून विचारावं असं गावात कुणी नाही. आम्हा शहरातल्यांचं तसं नसतं, नवी पेठेत एक जिना चढला की कुणीतरी ज्येष्ठ भेटतातच आणि अडलेलं काम सुटतं. वर्गणी दोघांची सारखी, पण चर्चासत्राची खरी गरज त्या करमाळ्याच्या माणसाला. जिल्ह्यात ११ तालुके आहेत आणि करमाळा, अकलूज ही गावं सोलापूरहून शंभर किलोमीटरच्या पुढे आहेत. तो माणूस सकाळी घरातून कधी निघेल आणि रात्री परत कधी पोहोचेल, हे आधी कागदावर मांडायचं. कार्यक्रमाची वेळ त्यावरून ठरते, हॉटेलही त्यावरूनच.

संध्याकाळी सहा ते आठ व्याख्यान आणि मग जेवण हा प्रकार शहरातल्या लोकांना फार आवडतो, कारण दिवसभराचं ऑफिस बुडत नाही. पण तालुक्याचा माणूस त्याला येत नाही. आला तरी साडेसातला पिशवी उचलतो, आणि ज्या प्रश्नोत्तरांसाठी तो आलेला असतो तीच त्याला मिळत नाहीत. म्हणून वर्षातली मोठी चर्चासत्रं मी हट्टाने साडेदहा ते साडेचार अशीच घेते. चहा दहाला, जेवण दीडला आणि शेवटचं सत्र फक्त प्रश्नांचं. साडेचार म्हणजे साडेचार. सत्कार लांबला तर सत्कार आटोपता घ्यायचा, प्रश्नांना हात लावायचा नाही.

जागेचंही तेच. होटगी रोडला, हायवेला छान हॉल झालेत, पार्किंग मोकळं, लॉन मोठं. पण एसटीने येणाऱ्याला स्टँडवरून तिथे जायचं म्हणजे रिक्षावाल्याशी हुज्जत आणि परतताना रिक्षाच मिळत नाही. दिवसभराच्या चर्चासत्रासाठी म्हणून मी स्टेशन, सात रस्ता, मुरारजी पेठ या भागातली हॉटेलं आधी बघते. कुटुंबासह स्नेहमेळावा असेल तर लांबचं चालतं, तेव्हा लोक गाडी काढूनच येतात.

हॉटेलच कशाला, सभागृह का नको, हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतं आणि तो रास्त आहे. हुतात्मा स्मृती मंदिर आहे, फडकुले सभागृह आहे. मोठं व्याख्यान, पाचशे माणसं, जेवण नाही असा कार्यक्रम असेल तर सभागृहासारखी जागा नाही. आमची उपस्थिती ऐंशी ते दीडशे. एवढ्यांसाठी सभागृह रिकामं वाटतं, शिवाय चहावाला वेगळा, केटरर वेगळा, प्रोजेक्टर वेगळा आणि प्रत्येकाच्या मागे एक सभासद उभा. तो सभासद मग व्याख्यान ऐकत नाही. हॉटेलात सगळं एका माणसाच्या अंगावर टाकता येतं, त्यासाठी चार पैसे जास्त द्यायला माझी हरकत नसते.

आता तारीख. आमच्या व्यवसायात महिन्याचे बरेच दिवस आधीच कापले जातात. ७ ला टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेल्या कराचा भरणा, मग जीएसटीची विवरणपत्रं: ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी, तिमाहीवाल्यांचं ३बी २२ ला. जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चमध्ये १५ तारखेचा आगाऊ कर. मोकळी राहते ती २३ ते २९ ची पट्टी. त्यात शनिवार कुठला पडतो ते बघायचं आणि मग पंचांग उघडायचं. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की बँक्वेट हॉल लग्न, साखरपुडा, स्वागत समारंभ यांनाच जातात. हॉटेलवाल्याच्या दृष्टीने लग्नाचं बुकिंग आमच्या तिप्पट चौपट धंद्याचं, त्यामुळे तिथीच्या दिवशी घासाघीस करून काही हाती लागत नाही. धनुर्मासात, म्हणजे संक्रांतीच्या आधीच्या महिन्यात, मुहूर्त नसल्याने हॉल मोकळे असतात आणि दरही खाली येतात. त्यावर भुलून जानेवारीच्या मध्याची तारीख मात्र घेऊ नका. १२ जानेवारी हा आपल्या चार हुतात्म्यांचा दिवस आणि लगेच संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या मार्गावर वाहतूक वळवलेली असते, अक्षता सोहळ्याला अख्खं गाव तळ्याकडे लोटतं. आपल्यातलेच निम्मे सभासद त्या दिवशी पांढऱ्या बाराबंदीत असतात. त्यांना चर्चासत्राला बोलवायचं हे मला पटत नाही.

खोल्या लागणार असतील तर आणखी एक कॅलेंडर बघावं लागतं. अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर, पंढरपूर असं करणारे भाविक मुक्कामाला सोलापुरात उतरतात, त्यामुळे शनिवार-रविवारी चांगल्या खोल्या मिळणं अवघड. आषाढी-कार्तिकीच्या आसपास तर विचारूच नका. कोजागिरीला तुळजापूरच्या रस्त्यावर पायी जाणाऱ्यांची एवढी गर्दी असते की त्या बाजूने गाडीने येणाऱ्याला वळसा पडतो.

वर्षातला एकच कार्यक्रम असा आहे की त्याची तारीख आपल्या हातात नसते, तो म्हणजे अर्थसंकल्पावरचं व्याख्यान. १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडला जातो आणि ७ च्या आत व्याख्यान झालं नाही तर लोकांनी मोबाईलवर सगळं ऐकून झालेलं असतं. म्हणजे २ ते ६, आणि ऐन लग्नसराई. हा हॉल मी दिवाळीच्या आधी धरते, ॲडव्हान्स देऊन पावती घेते. वक्ता मागाहून ठरला तरी चालतो. मागच्या वेळी तारखेवरून मॅनेजर मला म्हणाले, "मॅडम, एवढ्या लवकर कशाला? मी आहे की." त्यांच्या शब्दावर माझा विश्वास आहे, पण मॅनेजर बदलतात. आज या हॉटेलात असलेला माणूस उद्या विजापूर रोडच्या दुसऱ्या हॉटेलात असतो आणि नव्या माणसाला जुना शब्द माहीत नसतो. म्हणून फोनवर जे ठरलं ते त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर लिहून पाठवायचं आणि "ओके" आल्याशिवाय ठरलं म्हणायचं नाही.

त्या लेखी निरोपात सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे ताटांची हमी. दीडशे सांगितली आणि शंभर माणसं आली तरी पैसे दीडशेचे. कमी सांगितली आणि जास्त आली तर वाढीव ताटं बहुतेक ठिकाणी दहा टक्क्यांपर्यंत निभावून नेतात, त्यापुढे भाजी पातळ व्हायला लागते. आपल्याकडे "येतो की" म्हणणारे खूप आणि नाव नोंदवून पैसे भरणारे थोडे. त्यामुळे मी नोंदणी शुल्क ठेवतेच, अगदी दोनशे रुपये का असेना. पैसे भरलेला माणूस येतो. मग पैसे भरलेल्यांचा आकडा अधिक त्याचा एक दशांश, एवढी हमी द्यायची आणि अंतिम आकडा ४८ तास आधी कळवण्याची मुभा मागून घ्यायची. पावसाळ्यात, उजनीतून पाणी सोडलं आणि भीमाकाठच्या रस्त्यांचं काही खरं नसेल, तेव्हा ही ४८ तासांची मुभा फार उपयोगी पडते.

पैशांचं आता आपल्याच विषयातलं. हॉल आणि जेवण एकत्र घ्या, म्हणजे "प्रति ताट एवढे, हॉल त्यातच" असं. ज्या हॉटेलात खोलीचा दिवसाचा दर ७,५०० च्या वर जात नाही, तिथे हॉलसह जेवणावर जीएसटी ५ टक्के लागतो. तेच हॉलचं भाडं वेगळं लावून घेतलं तर त्या भाड्यावर १८ टक्के. समजा शंभर ताटं ४५० रुपयांनी, म्हणजे ४५,००० आणि हॉलचे १५,०००. वेगवेगळं बिल झालं तर कर २,२५० अधिक २,७००, म्हणजे ४,९५०. एकत्र ६०,००० वर ५ टक्के म्हणजे ३,०००. जीएसटी नोंदणी नसलेल्या संघटनेला या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे हे १,९५० रुपये सरळ आपल्या खिशातून जातात, वक्त्याचं एका बाजूचं तिकीट त्यात निघतं. मोठ्या हॉटेलात, जिथे खोल्या ७,५०० च्या वर आहेत, तिथे सगळ्यालाच १८ टक्के, ते दराची तुलना करताना धरायचं. एक हॉटेल ४५० सांगतं आणि दुसरं ४२५, पण पहिल्याचा कर ५ आणि दुसऱ्याचा १८ असेल तर दुसरं महाग पडतं, हिशेब करून बघा.

सेवा शुल्काबद्दलही स्पष्ट बोला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांनुसार ते बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. वाढणाऱ्या मुलांना द्यायचं ते आपण आपल्या हाताने द्यावं. मी पाकिटं करून नेते. सकाळी सातला खुर्च्या लावणारा मुलगा आणि संध्याकाळी भांडी उचलणारा मुलगा बहुधा वेगवेगळे असतात, दोघांना मिळतील असं बघायचं. टीडीएस कापणार असाल तर तेही ॲडव्हान्स देतानाच सांगा, शेवटी काउंटरवर वाद नको.

हॉल बघायला जायचं ते कार्यक्रमाच्या वेळेला जायचं. दुपारी अडीचला गेलात तरच पश्चिमेच्या काचेतून ऊन पडद्यावर येतं का ते कळतं. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे ४२ अंशांच्या पुढे. एसी रिकाम्या हॉलमध्ये कुठलाही गार वाटतो, तो सव्वाशे माणसांत कसा चालतो हे विचारायचं आणि सकाळी नऊलाच सुरू करायला सांगायचं. मधल्या खांबांमागे किती खुर्च्या जातात ते बसून बघायचं. वीज गेली की जनरेटर सुरू होतो हे सगळे सांगतात, पण मधल्या काही सेकंदांत प्रोजेक्टर बंद पडतो आणि परत सुरू होऊन चित्र येईपर्यंत वक्त्याची लय जाते. म्हणून प्रोजेक्टर आणि साउंडला यूपीएस आहे का हे मी विचारते, नसेल तर आपल्या ऑफिसातला एक नेते.

आणि शेजारच्या हॉलमध्ये त्या दिवशी काय आहे, हे लेखी विचारा. एका हॉटेलात आमचं सत्र चालू असताना सरकत्या लाकडी भिंतीच्या पलीकडे साखरपुडा होता. नोटीस आणि अपिलाच्या मुदती वक्ते जीव तोडून समजावत होते आणि पलीकडे डीजे. मागच्या चार रांगांना काही कळलं नाही. त्या मागच्या रांगांत कोण बसतं? उशिरा पोहोचलेले, म्हणजे लांबून आलेले. ते सभासद परत जाताना काय म्हणाले ते मला अजून आठवतं आणि राग अजून गेलेला नाही. त्यानंतर माझ्या प्रत्येक निरोपात एक ओळ असते: दहा ते साडेचार शेजारच्या हॉलमध्ये ध्वनिक्षेपक लागणार असेल तर आम्हाला दुसरा हॉल द्यावा.

जेवणावर सगळ्यात जास्त चर्चा होते, तेवढी ती व्हायला नको असं माझं मत. तरी काही गोष्टी सांगते. बाहेरून वक्ते येतात तेव्हा पनीर आणि मंचुरियनपेक्षा त्यांना कडक भाकरी, शेंगाची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वांग्याची भाजी हवी असते. हॉटेलं ते करतात, फक्त आधी सांगावं लागतं. तिखटाचा अंदाज मात्र खानसाम्याला स्वतः भेटून द्यावा. माझं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं. आत जाऊन कन्नडमध्ये "खारा कम्मी हाक्री", म्हणजे तिखट कमी घाला, म्हटलं की तो हसतो आणि खरंच कमी घालतो. तेलुगू बोलणारे सभासद आहेत, ते दुसऱ्या आचाऱ्याशी बोलतात. दिवसाच्या चर्चासत्राला जेवण शाकाहारीच ठेवायचं, त्यात वाद नाही. जैन सभासदांसाठी कांदा-लसूण आणि कंदमुळं नसलेले दोन-तीन पदार्थ वेगळ्या टेबलावर, वेगळ्या चमच्यांनी. श्रावणात शनिवारी कार्यक्रम असेल तर भगर आणि शेंगदाण्याची आमटी किती जणांसाठी लागेल हे नोंदणी अर्जातच विचारायचं. दुपारचं गोड हलकं ठेवा, बासुंदीनंतर अडीचच्या सत्राला कुणी जागं राहत नाही.

पाण्याबद्दल मी आग्रही आहे. शहरात काही दिवसांआड नळाला पाणी येतं, घरोघरी बायका पिंप भरून ठेवतात, आणि आपल्या कार्यक्रमात प्रत्येक खुर्चीवर बाटली, दोन घोट पिऊन टाकलेली. ते बघवत नाही. जार आणि स्टीलचे पेले ठेवायला सांगा. वक्त्यांच्या टेबलावरही तेच. कुणाचंही काही अडत नाही.

वक्त्यांची सोय हा वेगळा विषय होईल, थोडक्यात सांगते. मुंबईहून वंदे भारत आणि पुण्याहून हुतात्मा, दोन्ही रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास सोलापुरात येतात. म्हणजे आदल्या रात्रीची खोली आलीच. तोवर स्वयंपाकघर बंद होण्याची वेळ झालेली असते, त्यांचं ताट ठेवायला सांगून ठेवा. दुसऱ्या दिवशी परतीला सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्रीची, आणि खोली दुपारी बाराला सोडायची. सहा-आठ तास पाहुण्याने बॅग घेऊन कुठे बसायचं? संध्याकाळपर्यंत खोली राहील हे बुकिंगच्या वेळीच ठरवून घ्या, नंतर मागितली तर अर्ध्या दिवसाचं भाडं लावतात.

वार्षिक सर्वसाधारण सभा चर्चासत्राला जोडून घेतली तर हॉलचा खर्च वाचतो आणि उपस्थितीही मिळते. मात्र गणपूर्ती नसेल तर अर्धा तास तहकूब करून त्याच जागी पुन्हा सभा, असा नियम बहुतेक संस्थांच्या घटनेत असतो. तो अर्धा तास हॉलच्या बुकिंगमध्ये धरा, नाहीतर संध्याकाळच्या लग्नाचे डेकोरेशनवाले शिड्या घेऊन आत येतात आणि अध्यक्ष ठराव वाचत असतात. निवडणुकीचं वर्ष असेल तर सह्यांचं रजिस्टर कुणीतरी एकाच्या ताब्यात ठेवा. नवीन कार्यकारिणीचा बदल अर्ज ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे जायला हवा आणि तेव्हा त्या सह्याच लागतात.

प्रायोजकांबद्दल आमच्यात मतभेद आहेत. सॉफ्टवेअर कंपन्या हॉलबाहेर टेबल लावतात, त्याचे पैसे देतात, त्यातून चहाचा खर्च निघतो, इथवर ठीक. काहींना सत्रातली वीस मिनिटं हवी असतात. ती द्यायची नाहीत. ज्याने सांगोल्याहून येण्यासाठी दिवसाचं काम सोडलं, त्याचा वेळ आपण विकू शकत नाही.

दोन दिवसांची निवासी परिषद महाबळेश्वरला घ्यावी, अशी मागणी गेल्या बैठकीत पुन्हा आली. ज्यांना जायचं त्यांनी जरूर जावं. पण संघटनेचा निधी त्यात घालायला माझा विरोध आहे, तो मी बैठकीत बोलले आणि इथेही लिहिते. तेवढ्या पैशांत वर्षातलं एक चर्चासत्र सोलापूरच्या बाहेर, तालुक्याच्या गावी घेता येतं. बार्शीत चांगले हॉल आहेत, जेवण उत्तम मिळतं आणि माढा, करमाळ्याच्या लोकांना ते सोलापूरपेक्षा जवळ. शहरातल्या आम्ही सत्तर किलोमीटर जायचं, एवढंच. मी तिथल्या दोन हॉलांचे दर मागवलेत, एकाचं ताट ३२० ला पडतंय, हॉलसह. पुढच्या बैठकीत ठराव मांडणार आहे. अनुमोदन द्यायला मंगळवेढ्याचे सभासद तयार आहेत.